रुपीबाईनं कुत्री चरायला नेली

सन दोन हजार पाच. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. साल पक्कं लक्षात राहायचं कारण असं, की त्या वर्षी कापसाचा भाव असा पडला की वेचायला माणूस लावणंही जिवावर यावं. दिग्रसकडच्या तांड्यांवरून लोकांनी आधी बैल विकले, मग गाई विकल्या. ज्या तांड्याच्या आखरावर रोज सकाळी दीडशे जनावरं उभी राहायची, तिथे दसऱ्यापर्यंत अकरा उरली. आखर म्हणजे गावाबाहेरची मोकळी जागा. घराघरातली गुरं चरायला निघण्याआधी तिथे गोळा होतात, आणि गुराखी त्यांना घेऊन जातो. आता अकरा जनावरांना काही गुराखी लागत नाही. म्हणून रुपीबाईचं काम गेलं.

रुपीबाई तेव्हा साठीला टेकली होती. नवरा वारला तेव्हा त्याची काठी तिनं उचलली आणि बावीस वर्षं तांड्याची गुरं राखली. अंगात आरसे लावलेला घेरदार घागरा म्हणजे फेटिया, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या म्हणजे बलिया, आणि चालताना सगळं असं वाजायचं की गुरं मान वर न करता तिच्या आवाजावर चालायची. तिचा मुलगा सेवादास वणीला कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. तो एका सकाळी ट्रक घेऊनच तांड्यावर आला, आईचं बोचकं केबिनमध्ये टाकलं आणि म्हणाला, "याडी, चाल. लय झालं तुहं. आता नुसतं बसाचं."

याडी म्हणजे आई. आणि नुसतं बसायचं हेच काय ते त्या याडीला येत नव्हतं.

सेवादासचं दोन खोल्यांचं घर खाणीच्या साहेबलोकांच्या कॉलनीला लागूनच होतं. सून उर्वशी मनानं चांगली. तिनं सासूला खुर्ची दिली, टीव्हीसमोर बसवलं, चहा हातात आणून दिला, अंथरूणही घालून दिलं. चौथ्या दिवशी रुपीबाईचे पाय सुजले. तिच्या पायांना सवय होती कुणाच्या तरी मागे चालायची. पुढे काहीतरी चालत असलं की ते आपोआप उचलायचे, नसलं की ओंडक्यासारखे पडून राहायचे. मग ती शेजारच्या शेळीच्या मागे गेली. शेळी उकिरड्यापर्यंतच गेली, म्हणून तिचं समाधान झालं नाही. पाचव्या दिवशी भाजीची हातगाडी आली.

"याडी," उर्वशी संध्याकाळी म्हणाली, "काल तुमी भाजीच्या गाडीमागं बसस्टँडपर्यंत गेलत्या म्हने."

"गेलती."

"काई घेतलं का?"

"नाई."

"मंग कायले गेलत्या?"

"मागं चालाले," रुपीबाई म्हणाली. "बरी चालते ते गाडी. पन भाजीवाला सारखा वळून पाहे. त्याले वाटे का मी वांगे चोरून राह्यली."

सेवादासनं जेवता जेवता ऐकलं आणि ताट बाजूला सरकवलं. तो आईवर कधी आवाज चढवत नसे, पण त्या दिवशी त्यानं बजावलं. "वणीच्या रस्त्यानं दर मिनिटाले एक ट्रक जाते. मीच चालवतो, मले मालूम हाये आमी कसे चालवतो. पुन्हा अशी भटकली तर मी तुले पुन्याले ताईकडं धाडीन. चौथा मजला हाये तिथं. लिफ्टचं बटनबी तुह्या हातात नाई येत."

रुपीबाई त्या चौथ्या मजल्यावर एकदा चार दिवस राहून आली होती. गॅलरीतून खाली पाहिलं की माणसं मुंग्यांएवढी दिसत आणि एकाच्याही मागे जाता येत नसे. तिनं मान डोलावली. दोन दिवस खुर्चीतून उठली नाही. टीव्हीवर एका मालिकेत बाया रडत होत्या, तिकडे पाहत ती पाय हलवत बसली.

तिसऱ्या दिवशी दर्या सुटला.

दर्या हे साधनाबाईंच्या कुत्र्याचं नाव. साधनाबाई खाणीतल्या एका इंजिनिअरच्या पत्नी, मूळच्या रत्नागिरीकडच्या समुद्रकाठच्या गावातल्या. त्यांच्या गावात संध्याकाळी निम्मं गाव आपापली कुत्री घेऊन पुळणीच्या वाळूवर जायचं. माणसं गप्पा मारत, कुत्री लाटांवर भुंकत. दर्या तिथेच वाढलेला. पिवळा, धष्टपुष्ट, शेपटीनं टेबलावरचे कप पाडणारा. तीन वर्षांपूर्वी नवऱ्याची बदली झाली आणि दर्याही वणीला आला. इथे ना लाटा ना पुळण. साखळीला बांधून कॉलनीच्या डांबरी रस्त्यावर चार खांब पुढे, चार खांब मागे. तो साधनाबाईंना ओढत न्यायचा. त्या दिवशी त्यानं असा हिसका दिला की बाईंचा पाय मुरगळला, साखळी सुटली, आणि दर्या फाटकातून बाहेर मोठ्या रस्त्याकडे सुसाट निघाला.

रुपीबाई दारात खुर्चीवर होती. तिनं उठून रस्त्यात उभं राहायचं तेवढं केलं. काठी आडवी धरली, जिभेनं टाळूवर टकटक असा आवाज काढला, आणि बिथरलेल्या खोंडाला म्हणतात तसं शांतपणे म्हणाली, "हो, हो, हो. कुठं चालला रे सोन्या." दर्या थांबला. फेटियाच्या आरशांत त्याला वीस दर्या दिसले. त्यानं सगळ्यांचा वास घेतला आणि खाली बसला.

मागून साधनाबाई लंगडत आल्या. "मावशी, तुम्ही कसं काय थांबवलंत याला?"

"थांब म्हनलं."

"तो माझं कधीच ऐकत नाही हो."

"तुमी समोरून ओढता बाई. जनावराले मागून चालवाव लागते."

साधनाबाईंनी दाराच्या पायरीवर बसकण मारली आणि पाय चोळत विचारलं, "उद्यापासून सकाळी याला जरा फिरवून आणाल का? माझा पाय बरा होईपर्यंत तरी. आमच्या कॉलनीत आठ-नऊ कुत्री आहेत, सगळ्यांनाच कोणीतरी हवंय. मी आज संध्याकाळी बायकांना सांगून ठेवते."

रुपीबाईचे पाय फेटियाखाली हलायला लागले. "फिरवून आनाचं म्हनजे कसं?"

"म्हणजे मोकळं न्यायचं, पाय मोकळे करायचे, पाणी पाजायचं आणि परत घरी आणून सोडायचं."

यात न समजण्यासारखं काहीच नव्हतं. हेच तर ती बावीस वर्षं करत होती. फक्त एक गोष्ट साधनाबाईंनी सांगितली नाही आणि रुपीबाईनं विचारली नाही. फिरवून आणायचं म्हणजे साधनाबाईंच्या हिशेबी अर्धा तास. रुपीबाईच्या हिशेबी सकाळी सोडलेलं जनावर दिवस मावळताना घरी येतं. ते याहून लवकर आलं तर गुराख्याची तब्येत बरी नाही असं लोक समजतात.

सेवादास पहाटेच ट्रकवर गेला होता. रुपीबाईनं उर्वशीला सांगितलं, "साधनाबाईच्या कामाले चालली." सुनेला वाटलं भांडी घासायला. ती खूश झाली. तिनं सासूला चार भाकरी आणि मिरचीचा ठेचा फडक्यात बांधून दिला. रुपीबाईनं बोचक्यातून आपल्या जुन्या गाईच्या गळ्यातली पितळी घंटा, घाटी, काढली, काठी घेतली आणि सात वाजता कॉलनीच्या पहिल्या फाटकासमोर उभी राहून तांड्यावर द्यायची तशी हाळी दिली, "सोडा वं बायांनो, सोडा."

बायांना काल निरोप मिळालेला होता. दारं उघडली, साखळ्या सुटल्या. पाण्याच्या टाकीखालच्या निंबाभोवती रुपीबाईनं आपला आखर भरवला. एकूण नऊ. तिला मोजता येत नव्हतं, पण रंग आणि चाल एकदा पाहिली की जनावर तिच्या डोळ्यांत बसे. पिवळा तो सोन्या. अल्सेशियन तो बांड्या. बुटका, लांबट, पोट जमिनीला लागणारा तो एक होता, त्याला तिनं बराच वेळ न्याहाळून बोदल्या ठरवला. कापसाच्या गोळ्यासारखी पांढरी स्वीटी ती ढवळी. आणि मोठ्या साहेबांचा काळा डोबरमन, कर्नल नावाचा, कॉलनीतल्या तीन पोस्टमनना चावलेला, तो काळ्या.

काळ्यानं येता येताच बोदल्याचं मानगूट धरलं. चौकीदार देवराव सायकल टाकून धावत आला.

"ओ बुढीमाय, तो कर्नल हाये. मोठ्या साहेबाचा. त्याले मोकळा नका सोडू."

"मारकुटा हाये का?"

"मारकुटा? मायी दोन पँटी खाल्ल्या त्यानं."

"मंग त्याले लोढनं पाह्यजे," रुपीबाई म्हणाली. तिनं कडेला पडलेला हातभर लांबीचा बाभळीचा सोट उचलला, देवरावकडून सुतळी मागितली आणि उनाड गुराच्या गळ्यात अडकवतात तसा तो कर्नलच्या पट्ट्याला अडकवला. कर्नल एक उडी मारायला गेला. सोट पुढच्या दोन पायांत आला आणि तो तोंडावर पडला. उठला, पुन्हा उडी, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा त्यानं उडी मारायचा विचार केला आणि सोडून दिला. सोन्याच्या गळ्यात घाटी बांधली, कारण तो पुढे जाणारा होता, आणि कळपाला पुढची घाटी ऐकू यावी लागते.

"हो, हो, हो," रुपीबाईनं जिभेनं टकटक केलं. नऊ कुत्री फाटकातून निघाली, आणि मागून आरसे चमकावत ती.

देवराव सायकलच्या दांडीवर हात ठेवून तसाच उभा राहिला. तो नंतर सांगायचा, "मले वाटलं आता पलटतीन, आता पलटतीन. ते पलटलेच नाई."

मोठ्या रस्त्यानं ती गेली नाही. ट्रकांचा रस्ता म्हणजे जनावरांचा रस्ता नव्हे, हे सेवादासनं सांगायची गरज नव्हती. पांदणीनं उतरून ती शेतांच्या बांधाबांधानं नदीच्या दिशेनं चालली. पात्र दोन कोसांवर होतं. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी उभी, बोंडं फुटलेली, निम्मी वेचलीच नव्हती. सकाळच्या उन्हात घाटी वाजत होती. पाय सुजलेत हे रुपीबाई पहिल्या बांधालाच विसरली. तिसऱ्या बांधाला ती गुणगुणायला लागली, आणि पाचव्याला बोदल्या एका सशाच्या वासावर असा अडला की त्याला उचलून काखेत घ्यावं लागलं. बोदल्यानं तिच्या बलिया चाटल्या. तिला गुदगुल्या झाल्या आणि ती एकटीच हसत सुटली.

एका शेतात बाया कापूस वेचत होत्या. बांधावर कापसाचा मोठा ढीग पडला होता आणि इंदूबाई नावाची एक वेचणारीण तो चवाळ्यात भरत होती. तिनं मान वर केली आणि हातातलं चवाळं खाली ठेवलं.

"जय भीम बाई. हे काय घेऊन चालल्या?"

"जय भीम. कॉलनीचे कुत्रे."

"कुठं?"

"चाराले."

इंदूबाईनं हे तोंडात घोळवून पाहिलं. "कुत्रे चरत नाईत ना बाई."

"नाई चरले तर नाई चरले. पन घराबाहेर तं निघाले पाह्यजेत. घरी बसून जनावर खराब होते." रुपीबाई पुढे निघाली आणि चार पावलांवर थांबली. डोळ्यांतला कळप अपुरा होता. पिवळा होता, काळा लोढणं सांभाळत चालत होता, बांड्या होता. ढवळी नव्हती.

वेचणाऱ्या बायांनी हाका मारल्या. स्वीटी काही येईना. ती मोठ्या ठेकेदारबाईंची लाडकी होती, रोज पावडर लावलेली. ढवळी हरवली तर चौथा मजला पक्का. ती पऱ्हाटीत शिरली, दोन ओळींत वाकून वाकून पाहिलं, पांढरं दिसेल तिथे हात घातला आणि हाती नुसती बोंडं आली.

"वो माय," इंदूबाई ढिगापाशी दचकून मागे सरकली. "या कापसाले डोळे आले."

दोन काळे डोळे, त्यांच्याखाली एक काळं नाक. नाकानं शिंक दिली आणि कापूस उडाला. स्वीटीनं आयुष्यात एवढी मऊ गादी पाहिली नव्हती. ती ढिगात खोल रुतून बसली होती आणि बाहेर यायला राजी नव्हती. दोन बायांनी तिला ओढलं, तर तिच्यासोबत ओंजळभर कापूस आला, आणि कापूस कुठे संपतो नि कुत्री कुठे सुरू होते ते कोणालाच सांगता येईना. बाया हसून हसून बांधावर बसल्या. त्या हंगामात त्या शेतात कोणी हसलं असेल तर त्या दिवशीच. इंदूबाईनं डोळे पुसले, "ठेवून द्या हिले इथंच. यंदा मालाले भाव नाई, हिले तरी भेटन," म्हणाली, आणि मग स्वतःच स्वीटीच्या अंगावरचा कापूस निवडत बसली.

दहाच्या सुमाराला ते नदीवर पोचले.

वर्धा नदीचं पात्र तिथे रुंद होतं. पाणी मधोमध, आणि दोन्ही काठांना दूरवर पिवळीधमक वाळू. दर्या पुढे होता. बांधावरून खाली पाहिल्यावर तो जागच्या जागी खिळला. पुढचा एक पाय वर, नाक वाऱ्यात. रुपीबाईला वाटलं त्यानं साप पाहिला. मग त्याच्या सगळ्या अंगातून एक थरथर गेली, आणि घाटी वाजवत तो असा सुटला की वाळूचा फवारा उडाला. पाण्यापर्यंत गेला, पाण्यात पडला, वर आला, गोल गोल धावला, लोळला, पुन्हा पाण्यात. बाकीचे सात त्याच्या मागे. त्यातल्या निम्म्यांनी उभ्या जन्मात वाळू पाहिली नव्हती. बोदल्याचे पाय वाळूत बुडाले आणि तो पोटावर होडीसारखा सरकत चालला. स्वीटी ओली झाली तेव्हा कळलं की आत एवढीशीच कुत्री आहे. काठावर एकटा कर्नल उभा होता, लोढणं गळ्यात, मास्तरांनी वर्गाबाहेर उभं केल्यासारखा.

रुपीबाईनं त्याचं लोढणं सोडलं. "जाय. पन चावला तर पाह्य."

तो गेला. तो कोणाला चावला नाही, कारण चावायला वेळच नव्हता.

आणि मग रुपीबाईनं काठी वाळूत रोवली, फेटिया गुडघ्यापर्यंत खोचला, आजूबाजूला कोणी नाही हे पाहिलं आणि साठीची बाई त्यांच्या मागे धावली. बावीस वर्षांत कोणतीही गाय तिच्यासोबत धावली नव्हती. गाई शहाण्या असतात. ही मंडळी नव्हती, आणि हे तिला फार आवडलं. ती धापा टाकत वाळूत पडली तेव्हा आठ-नऊ ओल्या जिभांनी तिचं तोंड धुतलं.

दुपारी तिनं कळप बसवला. गुरं दुपारी पाण्याकाठी बसतात, तसा बाभळीखाली. भाकरी नऊ तोंडांत वाटली, ठेचा स्वतः खाल्ला. सगळे झोपले. तीही झोपली.

इकडे कॉलनीत साडेसात झाले, आठ झाले, नऊ वाजले. साडेनवाला साधनाबाईंनी देवरावला विचारलं. दहाला नऊही घरच्या बाया फाटकात. देवराव सायकल घेऊन बसस्टँडकडे गेला, मग रेल्वे फाटकाकडे, मग जिनिंगकडे. एकूण नदीची दिशा सोडून सगळीकडे. मोठ्या साहेबांनी खाणीतून जीप पाठवली. जीपवाल्यानं हॉटेलांत विचारलं, हॉटेलांतून ट्रकवाल्यांत बातमी गेली आणि ट्रकागणिक ती मोठी झाली. दोन वाजता सेवादास वजनकाट्यावर रांगेत उभा होता. पुढचा ड्रायव्हर त्याला म्हणाला, "आयकलं का भौ? एक म्हातारी पागल झाली. नऊ कुत्र्यांले घेऊन पांदनीनं धावून राह्यली. कुत्रे पुढं, बुढी मागं."

सेवादास पोट धरून हसला. "कुत्रे बुढीच्या मागं लागतेत, हे उलटंच."

"मी तं आयकलं का तिच्या लुगड्याले आरसे हायेत."

सेवादासचं हसू थांबलं. त्यानं ट्रक रांगेतून काढला.

दिवस कलायला लागला तेव्हा रुपीबाईनं कळप उठवला आणि पांदणीनं परत चालवला. कॉलनीच्या फाटकाशी तेव्हा पन्नासेक माणसं जमली होती. सेवादास होता, उर्वशी रडून लाल झाली होती, मोठे साहेब हातात फोन घेऊन उभे होते. तेवढ्यात लांबून घाटी ऐकू आली. पांदणीच्या तोंडाशी धुळीचा लोट उठला, त्याच्यावर मावळतं ऊन पडलं होतं. लोटातून आधी दर्या निघाला, मग बाकीचे, एकामागे एक, माना खाली, पाय टाकत. शेवटी रुपीबाई, काठी खांद्यावर आडवी.

कोणी काही बोलायच्या आत कळप माणसांमधून आत शिरला, आणि मग जे झालं ते कॉलनीतल्या लोकांनी कधी पाहिलं नव्हतं. पहिल्या फाटकाशी बांड्या वळला आणि आपल्या घरात गेला. तिसऱ्याशी बोदल्या. पुढच्या वळणावर स्वीटी. कोणी हाक मारली नाही, कोणी साखळी ओढली नाही. गुरं जशी गल्लीतून येता येता आपापल्या गोठ्याला वळतात, तशी नऊही कुत्री आपापल्या दारात वळली. कर्नल मोठ्या साहेबांच्या पायांजवळून गेला. त्यांच्याकडे पाहिलं नाही, फाटकासमोरच्याच आपल्या व्हरांड्यात जाऊन आडवा झाला आणि घोरायला लागला.

मग मात्र सगळे एकदम बोलायला लागले. मोठे साहेब म्हणाले, हे पुन्हा होणार नाही, या बाईंना फाटकाच्या आत येऊ द्यायचं नाही. ठेकेदारबाई म्हणाल्या की स्वीटीच्या अंगाला कापूस चिकटलाय. सेवादास आईजवळ आला.

"दिवसभर, याडी. मी विहिरी-नाले पाहून आलो. उद्याच्या गाडीनं पुन्याले."

"मंग कधी आनाचे होते?" रुपीबाईनं विचारलं. तिला खरंच कळत नव्हतं. "दिवस तं आत्ता मावळला."

साधनाबाई दर्याच्या मानेत तोंड खुपसून बसल्या होत्या. त्यांनी डोकं वर केलं. त्यांच्या गालाला वाळू लागली होती. "मावशी, ही वाळू कुठली?"

"नदीची. पिवळीजर्द, बाई. लय हाये."

"लांब आहे?"

"दोन कोस."

"मी तीन वर्षं इथे राहते," साधनाबाई सगळ्यांकडे पाहत म्हणाल्या, "आणि दोन कोसांवर वाळू आहे, हे मला कोणी सांगितलं नाही?" त्या हसत होत्या की रडत होत्या ते नीट दिसत नव्हतं. "चूक माझी आहे, मोठे साहेब. मी वेळ सांगितली नव्हती. मावशींना काही बोलू नका."

मोठे साहेब काही बोलणार, तेवढ्यात व्हरांड्यातून काठी आपटल्याचा आवाज आला. त्यांचे वडील, बापूजी, ऐंशीचे होते. राळेगावजवळच्या खेड्यात जन्म काढून मुलाकडे येऊन राहिलेले. चार वर्षं आरामखुर्चीत होते. ते उठून कर्नलजवळ वाकले होते आणि त्याच्या पट्ट्याला लोंबणारी सुतळी बोटांनी तपासत होते.

"याले लोढनं कोनं बांधलं होतं?"

"मी," रुपीबाई म्हणाली. "नदीवर काढलं. निवळला होता."

बापूजींचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं खोकला आहे. मग कळलं की ते हसताहेत. "पंचवीस हजाराचा कुत्रा. त्याले शिकवाले मानूस येते नागपूरहून. अन् गळ्यात बाभळीचा सोट." त्यांनी डोळे पुसले. "बाई, तू उद्या किती वाजता सोडतं?"

"मले तं आता सोडू नाई देत बापूजी. मले चौथ्या मजल्यावर धाडून राह्यले."

"कोन धाडते? उद्या मी येतो. नाई चाललो तर माह्या गळ्यातबी एक लोढनं बांध. पन ने."

"बाबा, तुम्हाला दोन कोस चालवणार नाही," मोठे साहेब म्हणाले.

"तुह्या व्हरांड्यात चार वर्षं बसवलं मले, ते चाललं ना?"

सेवादासनं आईच्या पायांकडे पाहिलं. फेटियाखाली धुळीनं माखलेले ते पाय होते, सूज उतरलेले, आणि उभ्या उभ्या जागच्या जागी हलत होते, जणू अजून दोन कोस कोणी म्हटलं तर आत्ता निघतील. तो बायकोला म्हणाला, "उद्या भाकरी जास्त बांध. बुढ्यालेबी लागतीन."

ठरलं ते असं. रोज सकाळी साडेसहाला सोडायचं, नऊला परत. फक्त रविवारी नदी, आणि रविवारी दिवस मावळेपर्यंत. सोबत देवराव सायकल घेऊन, कारण दिशा त्याला अजूनही पक्की कळत नव्हती. दुसऱ्या दिवशी निंबाखाली नऊ कुत्री, एक बापूजी आणि लंगडणाऱ्या साधनाबाई. महिन्याभरात आखरावर माणसंच जास्त झाली, तेव्हा रुपीबाईनं कुरकुर केली की एवढ्या मोठ्या कळपाला गुराखी दोन लागतात.

पुढचं सांगायचं तर, बापूजी त्यानंतर सहा वर्षं चालले. पहिल्या दिवशी पाण्याच्या टाकीपासून फाटकापर्यंत, आणि तिसऱ्या वर्षी नदीपर्यंत. दोन हजार अकराच्या उन्हाळ्यात एका रविवारी नदीवरून आले, ताक मागितलं आणि खुर्चीतच गेले. कर्नल त्यांच्याआधी वर्षभर गेला होता. त्या दिवसानंतर त्यानं कोणाला चावलं नाही, फक्त एकदा मुंबईहून आलेल्या एका तपासनिसाला, आणि त्याबद्दल कॉलनीत कोणी त्याला रागावलं नाही.

देवराव निवृत्त होऊन मारेगावला गेला. तिथे सकाळी रस्त्यावरची कुत्री मागे घेऊन फिरतो, लोक हसतात, तो ऐकत नाही. इंदूबाईला पुढच्या वर्षी शाळेत पोषण आहार शिजवायचं काम मिळालं. तिनं कापूस वेचणं सोडलं, पण कापसाला डोळे आल्याची गोष्ट तिच्या तोंडून वर्षानुवर्षं शाळेतल्या मुलांनी ऐकली. सेवादासनं ट्रक सोडून स्वतःची जीप घेतली. उर्वशीला आधी सासूची लाज वाटायची. रुपीबाईचे गुडघे गेले तेव्हा काठी तिनंच उचलली. ती पंजाबी ड्रेस आणि पांढरे बूट घालून जाते, जिभेनं टकटक मात्र सासूसारखीच करते, आणि आता तिच्याकडे दोन कॉलन्यांची मिळून एकवीस आहेत.

साधनाबाई दोन हजार नऊला आपल्या गावी परतल्या. दर्या त्यांच्यासोबत. समुद्रावर गेल्यावर त्यानं पहिल्या दिवशी पाणी पिऊन पाहिलं आणि थुंकलं, असं त्यांनी कळवलं होतं. पुढच्या वर्षी त्यांनी रुपीबाईला आणि उर्वशीला बोलावून घेतलं. रुपीबाईनं समुद्र पाहिला, फार मोठा आहे म्हणाली, पण पुळणीवर संध्याकाळी माणसं एकेक कुत्रं एकेका दोरीला बांधून फिरवताना पाहून तिनं साधनाबाईंना विचारलं, "एवढ्या कुत्र्यांमागं एवढे मानसं? तुमच्या गावात एकालेबी हाकता नाई येत का?"

गुडघे गेल्यावर ती तांड्यावर परतली. तिथे पुन्हा थोडी गुरं आली होती, आखरावर सकाळी चाळीस तरी उभी राहत. शेवटची दोन वर्षं ती आखराच्या कडेला बाजेवर बसून गुरं निघताना पाहायची आणि कोणतं अपुरं आहे ते न मोजता सांगायची. दोन हजार सतराच्या पौषात ती गेली. पुण्याच्या चौथ्या मजल्यावर तिला पुन्हा कोणी कधी नेलं नाही.